टरफलांची पिशवी

तुळजाबाई जालन्याला गेली ती पोळ्याच्या पाठोपाठ. जाताना म्हणाली, "महिनाभराचं काम हाय. अर्पिताची सुट्टी सरली, तान्हं लेकरू टाकून ती बँकेत कशी जाईल? एखादी बाई भेटली की मी आलेच." बाई काही भेटली नाही. दसरा गेला, दिवाळी गेली. तिचे मालक भुजंगराव दर सणाच्या आधी अंगण झाडून सारवून ठेवत आणि सण झाला की त्याच अंगणात पाचोळा साचू देत.

लेकाचं लेकरू सांभाळायला आई गेली यात नवल कसलं? टेंभुर्णीत निम्म्या घरच्या म्हाताऱ्या अशाच गेलेल्या, कोणी पुण्याला, कोणी संभाजीनगरला. मागं राहिलेले म्हातारे पारावर बसून एकमेकांना जेवलात का म्हणून विचारतात आणि कोणीच खरं सांगत नाही. लेक कल्याण नवीन जालन्यात एका बियाण्यांच्या कंपनीत होता, बायको अर्पितासोबत स्टेशनजवळ तिसऱ्या मजल्यावर राहायचा. म्हणजे तुळजाबाई काही सातासमुद्रापार गेलेली नव्हती. पण दूर ते दूरच. संध्याकाळी चुलीपुढं कोणी नसलं की जालना काय आणि दिल्ली काय.

पहिले काही दिवस भुजंगरावांनी पिठलं केलं, मग खिचडी केली, मग पुन्हा पिठलं. आपला हात जगन्नाथ, असं स्वतःशीच म्हणत. भाकरी थापायला मात्र ते पुढचं दार लावून घेत. जन्मभर नांगर धरलेला माणूस काठवटीपुढं मांडी घालून बसलेला कोणी बघू नये, एवढीच इच्छा. पण दार लावलं तरी थापण्याचा आवाज गल्लीत जायचाच, आणि तो आवाज बाईच्या हाताचा नाही हे गल्लीला लगेच कळायचं. बाईच्या हाताला एक लय असते. भुजंगरावांची भाकरी दर दोन थापांनी थांबायची.

शेजारची कांताबाई चांगली होती. एकदा तिनं वाटीभर कढी पाठवली. भुजंगरावांनी कढी खाल्ली, वाटी राखेनं लख्ख घासली आणि स्वतः नेऊन दिली. कांताबाईनं वाटीत बघितलं, मग त्यांच्या तोंडाकडं बघितलं.

"भावजी, रिकामं भांडं देतेत का कोनाला वापस? चिमूटभर साखर तरी टाकायची. तुळजाक्का एवढं बी शिकवून न्हाई गेली का?"

भुजंगराव ओशाळले. आयुष्यात हजार वाट्या ह्या दारातून त्या दारात गेल्या असतील, पण त्या बायकांच्या हातांनी. येणाऱ्या भांड्यात काय असतं ते त्यांना माहीत होतं, जाणाऱ्या भांड्यात काय घालतात ते त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. ते घरी आले, दोन वांगी घेऊन परत गेले. कांताबाई पदर तोंडाला लावून किती तरी वेळ हसत होती.

बाजाराच्या दिवशी मात्र त्यांचा जीव जरा रमायचा. कापूस वेचायला बाया आलेल्या असोत नाहीतर तुरीवर फवारणी असो, दुपार कलली की ते हातपाय धुऊन पिशवी काखेत मारून निघत. लालबीची बैठक बाजाराच्या तोंडालाच होती. गोणपाटावर मांडलेले ताज्या भाजीचे ढीग, आणि मधे लालबी, हातात पाणी शिंपडायला ओला फडका. रानातून सकाळीच खुडलेला माल. त्यावर अजून मातीचा वास असायचा.

"आव भुजंगभाऊ. किती देऊ घेवडा?"

"पावशेर."

"पावशेर?" लालबी पहिल्या वेळी केवढ्यानं ओरडली होती. "अरे, तुमच्या घरला मी पाच-पाच किलो तोलून दिलीय. पावशेरात काय होतंय, कढई बी ओली होत न्हाई!"

शेजारच्या दुकानदारांनी माना वळवून बघितलं होतं. भुजंगरावांना तो पावशेर फार लागला. एकेकाळी सालगड्यांसकट पंधरा माणसांचं घर होतं त्यांचं. त्या दिवसापासून ते दोन वाटे घ्यायला लागले. एक जून, निबर, खाली उरलेल्या मालाचा, तो स्वतःला. दुसरा कोवळा, लालबीशी हुज्जत घालून एकेक शेंग निवडून घेतलेला, तो जालन्याला. बाजाराच्या दुसऱ्या सकाळी बदरोद्दीनच्या काळीपिवळी जीपमधून निळ्या पट्ट्यांची ती पिशवी निघायची. बदरोद्दीन ती बिल्डिंगच्या वॉचमनजवळ द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतताना घेऊन यायचा.

पिशवी परत यायची ती भरूनच यायची. टरफलांनी.

वाटाण्याची टरफलं, वालाच्या शिरा, मेथीच्या काड्या, वांग्याची देठं, कोबीचे वरचे पाले. तुळजाबाईनं पहिल्याच वेळी फोनवर सांगितलं होतं, "इथं समदं कचऱ्याच्या डब्यात टाकतेत हो. माझा जीव न्हाई धजला. शेळीला घाला." शेळी तुळजाबाईच्या हातची. तिनं ती करडू असल्यापासून वाढवलेली.

आता इथंच भुजंगरावांची पंचाईत होती. शेळी घरात नव्हती. तुळजाबाई गेल्यापासून ती दिवसभर दाराकडं तोंड करून ओरडायची. धार काढू देईना, पाल्याला तोंड लावीना, नुसती ओरडायची. भुजंगरावांना स्वतःला काही ओरडता येत नव्हतं, म्हणून की काय, त्यांना तिचं ओरडणं सोसेना. दिवाळीच्या आधीच्या बाजारात त्यांनी ती शहागडकडच्या एका माणसाला विकून टाकली. वाटलं, घर शांत होईल. घर शांत झालं ते असं झालं, की पाली बोलल्या तरी दचकायला व्हायचं.

तुळजाबाईला हे त्यांनी सांगितलं नाही. शेळी नाही म्हटल्यावर टरफलं कशाला येतील? आणि टरफलं नकोत असं त्यांना वाटत नव्हतं. संध्याकाळी पिशवी आली की ते ओट्यावर पोतं अंथरून ती ओतत आणि एकेक चिवडत बसत. वाटाण्याचं टरफल तुळजाबाईच्या हातचं असलं की लगेच कळायचं. अंगठ्याच्या नखानं शिवण उसवावी तशी शेंग उलगडलेली, दोन्ही पाकळ्या एका टोकाला जोडलेल्या, आत एक दाणा म्हणून नाही. गाजर ती सोलायची नाही, विळीच्या टोकानं खरवडायची. तिची सालं भुश्शासारखी बारीक. आज मटार झाला, आज मेथी झाली, हे भुजंगरावांना इथं बसून समजायचं. मग ते आपल्या वाट्याची तीच भाजी चुलीवर टाकत. दोन गावं, दोन चुली, भाजी एकच. सोबत जेवल्याचं तेवढंच समाधान. टरफलं मात्र कोणी बघत नसताना मागच्या उकिरड्यावर जात.

"शेळी खाती का?" तुळजाबाई फोनवर विचारायची.

"खाती ना. तुटून पडती."

"बरं," असं म्हणून ती जरा थांबायची आणि मग लेकराचं काहीतरी सांगायला लागायची.

संक्रांतीला येते, असं तिनं कबूल केलं होतं. सवाशीण बाईनं संक्रांतीचं सुगड आपल्या घरात पुजायचं, ते काही लेकाच्या घरी पुजायचं नसतं, हे तिचं तिनंच म्हटलं होतं. भुजंगरावांनी कुंभाराकडून सुगडं आणून कोनाड्यात पालथी घालून ठेवली. भिंतीला चुन्याचा हात मारला. आणि संक्रांत तोंडावर आली तेव्हा फोन आला तो कल्याणचा.

"बापू, आईला नाही जमणार यायला."

"कामून?"

"नाही जमणार. लेकराचं बघायचं असतं. बापू, मी काय म्हणतो, तुम्हीच या ना इकडं कायमचे. वसंताकाका रान बटईनं, निम्म्या वाट्यानं करायला तयार आहेत. मी बोललोय त्यांच्याशी."

"माझ्या रानाचं तू वसंताशी बोलला?"

"तुमच्यासाठीच बोललो. एकटे काय करता तिथं?"

एकटं काय करतात हे सांगायचं म्हटलं तर फार होतं आणि काहीच नव्हतं. भुजंगरावांनी तुळजाबाईला फोन द्यायला सांगितला. ती बोलली, पण दोनच शब्द. सगळं बराबर हाय, तब्येतीला जपा. हल्ली व्हिडिओवर दिसायची तेही नुसतं तोंड दिसायचं. त्यांना वाटलं, लेकीसारखी सून, गुटगुटीत नात, बटण दाबलं की गरम पाणी. रमली असेल. जुनं घर आठवायला माणसाला वेळ लागतो, विसरायला लागत नाही.

त्याच आठवड्यात पिशवी आली आणि भुजंगरावांचं डोकं फिरलं.

वाटाण्याची टरफलं पिरगळून मोडलेली. कोणी धुणं पिळावं तशी. गाजराची सालं लांब पट्ट्यांची, इतकी जाड की निम्मं गाजर त्यातच गेलं असावं. आणि शेंगांच्या टोकाला दाणे तसेच. चांगले टपोरे, हिरवे दाणे! भुजंगराव ते एकेक काढून तळहातावर घेत राहिले. तुळजाबाई दाणा टाकते? जिनं सुगीत खळ्यावर उकिडवं बसून मातीतली ज्वारी वेचली, ती? हा तिचा हात नव्हे. म्हणजे एक तर तिनं हे काम सोडून दिलं आणि मोलकरणीवर सोपवलं, नाहीतर तिला काहीतरी झालंय. यातलं कोणतं बरं, हेही त्यांना ठरवता येईना. खरं सांगायचं तर पहिल्या शंकेनं त्यांना जास्त दुखलं, आणि तसं दुखलं याची त्यांची त्यांनाच लाज वाटली.

भोगीच्या आदल्या दिवशी बाजार होता. सगळा बाजार हिरवागार झालेला. हरभऱ्याचे टहाळ, ओल्या तुरीच्या शेंगा, घेवडा, वाल, पावटा, तांबडी गाजरं, बोरं, कांद्याची पात, उसाची कांडकी. बायकांची ही झुंबड. भुजंगराव त्या बायकांमधे अंग चोरून उभे राहिले.

"भोगीचं घ्यायचंय का?" लालबीनं विचारलं. "भाभी येऊन राह्यली का?"

"न्हाई."

"मंग कोन करनार?"

भुजंगरावांनी इकडंतिकडं बघितलं. "मीच करतो म्हन्लं. न खाई भोगी, तो सदा रोगी."

या वेळी लालबी ओरडली नाही. तिनं प्रत्येक ढिगातून मूठमूठ उचललं आणि त्यांच्या पिशवीत घातलं. "हे समदं एकाच पातेल्यात. वांगी मोठी चिरा, न्हाईतर गळून जातेत. मीठ जरा उशिरानं टाका. आन् भाऊ, तीळ भाजून घ्या बराबर." शेवटचं वाक्य भुजंगरावांच्या कानात शिरलं, पण डोक्यात पोचलं नाही. ते त्या वेळी मोडक्या टरफलांचाच विचार करत होते.

भोगीला तांबडं फुटायच्या आधीच त्यांनी चूल पेटवली. बाहेर थंडी एवढी की विळी हाताला चावत होती. दाणे सोलले, घेवड्याच्या शिरा काढल्या, गाजराचे तुकडे केले, बोरं धुतली. जालन्याहून परत आलेल्या टरफलांत सापडलेले ते चार दाणेही त्यांनी फेकले नाहीत, भाजीतच घातले. सुकले होते, पण दाणेच होते. आणि मग त्यांना कळलं की मूठमूठ म्हणता म्हणता हे केवढं तरी झालंय. भोगीची भाजी थोडी होतच नाही. एक माणूस असो की पंधरा, प्रत्येक जिन्नस मूठभर घालायचाच, आणि मुठी मोजायला गेलं तर कढई पुरत नाही. माळ्यावरचं आईच्या वेळचं पितळी पातेलं त्यांनी काढलं, चिंचेनं घासलं.

तेल तापलं, ओला लसूण पडला, काळ्या मसाल्याचा खकाणा उठला. भुजंगराव खोकत राहिले. शेंगदाण्याचं कूट, चिंच, गुळाचा खडा, तिळाचं कूट. पातेलं रटरटायला लागलं तसा घरभर तो वास भरला, आणि त्या वासानं भुजंगरावांना एकदम इतकं एकटं वाटलं की ते हातात उलथणं घेऊन तसेच उभे राहिले. पिठल्याचं बरं असतं, पिठल्याला वाट बघणारं कोणी लागत नाही. या वासाला घरभर माणसं लागतात.

बाजरीच्या भाकरीनं मात्र सूड उगवला. गार पाण्यात मळलेलं पीठ, चिकटायचं नाव घेईना. काठवटीतून उचलली की तुटे, तव्यावर टाकली की चिरे. वर लावलेले तीळ सगळे चुलीत. तरी पाच-सहा कशाबशा झाल्या. पातेल्याला फडकं बांधून, भाकरी धोतराच्या धडप्यात गुंडाळून, उरलेली कोवळी शेंग पिशवीत घालून भुजंगराव फाट्यावर आले. या वेळी पिशवी एकटी जाणार नव्हती.

जीपमधे वास घमघमला. "कोनाचं जेवन घेऊन चाल्ले तात्या?" बदरोद्दीननं आरशातून विचारलं. "समद्या गाडीच्या तोंडाला पानी सुटून राह्यलं."

"लेकाकडं."

"भाजी कोनी केली?" मागच्या बाकावरची एक बाई.

"शेजारच्या कांताबाईनं," भुजंगराव म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले. दोन्ही बाजूंनी तुरी सोंगणीला आलेल्या. त्यांची स्वतःची तूरही उभीच होती. आजचा दिवस बुडाला होता.

तिसऱ्या मजल्यावर त्यांनी बेल दाबली. दार उघडायला फार वेळ लागला. आतून कडी दोनदा निसटल्याचा आवाज आला. मग दार उघडलं आणि समोर तुळजाबाई. उजवा हात गळ्यात बांधलेला, पंजापासून कोपरापर्यंत पांढरं प्लास्टर. पायाशी लुगडं धरून उभी राहिलेली नात.

"अव्हो! तुमी? फोन न्हाई, काई न्हाई..."

"हे काय झालं?"

"काई न्हाई. मोरीत पाय घसरला. फरशी हो ही, काचेवानी."

"कवा?"

"झाले की आठ-दहा दिस. निघंल आता महिन्याभरात."

"मला कामून न्हाई सांगितलं?"

"सांगून काय झालं असतं? तुरी टाकून पळत आले असते. हरभरा रानडुकरांनी खाल्ला असता. मीच म्हन्लं कल्याणला, बापूला सांगू नको." ती बाजूला झाली. "आता दारातच उभे राहनार का?"

घरात दुसरं कोणी नव्हतं. कल्याण कंपनीत, अर्पिता बँकेत. ओट्यावर तुळजाबाईचं दुपारचं ताट झाकून ठेवलेलं, त्यात पोळीचे सुनेनं सकाळीच करून ठेवलेले बारके तुकडे, शेजारी चमचा. भुजंगरावांनी पातेलं खाली ठेवलं. त्यांना आधी जे विचारायचं होतं ते बाजूलाच राहिलं आणि तोंडातून निघालं ते हे :

"टरफलं कोन काढतंय मंग?"

"अर्पिता. बँकेतून थकून येती बिचारी, तरी बसती माझ्यासमोर. फेकून देऊ म्हनली पहिल्यांदा. मी न्हाई म्हन्लं." तुळजाबाईचा चेहरा एकदम चिंतेत पडला. "दाने ऱ्हायले का आत?"

"ऱ्हायले."

"वाटलंच मला," ती म्हणाली. हात मोडल्याचं तिला काही वाटलेलं दिसत नव्हतं, पण ह्या दाण्यांचं तिला फार वाटलं. भुजंगरावांच्या छातीवरचा दगड उतरला आणि लगेच दुसरा बसला. बायकोचा हात मोडलाय आणि आपल्याला बरं वाटतंय, हा कसला माणूस!

फडकं सोडलं तसा वास खोलीभर पसरला. तुळजाबाई वाकून बघायला लागली. "भोगीची? कांताबाईनं दिली का?"

"मी केली."

तिनं त्यांच्याकडं बघितलं. मग ती धडप्यातली भाकरी उलगडून बघायला लागली आणि हसली. "ही बी तुमीच थापली? ही थापली म्हनता का तोडली?"

ते जेवायला बसले. तिनं डाव्या हातात चमचा घेतला. वालाचा दाणा चमच्यातून निसटला, मग वांग्याची फोड निसटली. भोगीच्या दिवशी डाव्या हातानं जेवायचं म्हणून ती मनातून कानकोंडी झालेली होती. भुजंगरावांनी दाराकडं बघितलं. दार लावलेलं होतं. तरी त्यांनी उठून खिडकीचा पडदा ओढला, मग तिच्यासमोर बसले, भाकरीचा तुकडा भाजीत बुडवला आणि तिच्या तोंडापुढं धरला. असा घास त्यांनी लग्नात एकदाच दिला होता, तोही बायकांनी गलका केला म्हणून.

तुळजाबाईनं घास घेतला. चावला. डोळे मिटून चावला.

"तीळ भाजले न्हाईत तुमी."

"न्हाई भाजले?"

"कच्चे लागून राह्यलेत." मग ती म्हणाली, "द्या अजून."

नातीलाही गाजराचा तुकडा मिळाला. पातेलं केवढं तरी उरलं. भुजंगरावांनी हात धुतला, धोतराला पुसला आणि जे बोलायला आले होते ते बोलले.

"चल घरी."

"ह्या हातानं? तिथं भाकरी कोन टाकील?"

"मी टाकतो."

"गल्ली काय म्हनंल?"

"म्हनू दे. लालबीला बी ठावं हाय आता."

नात तुळजाबाईच्या मांडीवर डोकं टेकवून पेंगायला लागली होती. तिच्या केसांतून डावा हात फिरवत ती म्हणाली, "हिला कोन बघील?"

मग भुजंगरावांनी शेवटचा पत्ता टाकला. "शेळी बी लई वाट बघती तुझी. दाराकडं तोंड करून उभी ऱ्हाती."

तुळजाबाईचा हात थांबला.

"शेळी तुमी दिवाळीच्या आधीच इकली."

"कोन म्हन्लं?"

"बदरोद्दीननं सांगितलं व्हतं वॉचमनला, वॉचमननं मला. मला तवाच कळलं. बोल्ले न्हाई मी."

"मंग इतके दिवस टरफलं कोनासाठी धाडून राह्यली तू?"

तुळजाबाईनं त्या स्वच्छ खोलीवरून नजर फिरवली. सोफा, टीव्ही, फ्रिज, भिंतीवरचं घड्याळ.

"आपल्या घरून पिशवी भरून यायची. ती रिकामी कशी वापस द्यायची? साखर कल्याणची, डाळ अर्पितानं आनलेली. त्यांच्या डब्यातलं काढून कसं घालू? ह्या घरात माझं म्हनून पिशवीत घालाया दुसरं काय हाय?"

पलीकडं स्टेशनात गाडी आली आणि गेली. शेवटी तुळजाबाईच म्हणाली, "प्लास्टर निघू द्या. मंग बघू." तिचं बघू त्यांना लग्न झाल्यापासून माहीत होतं. त्यात हो नसायचं, पण नाहीही नसायचं. त्यांनी मान हलवली. पहाटेपासून उभं राहिलेलं अंग होतं, सोफ्याला पाठ टेकताच त्यांचा डोळा लागला.

जागे झाले तेव्हा उन्हं उतरलेली. बदरोद्दीनची वेळ झालेली. तुळजाबाईनं पिशवी दाराजवळ आणून ठेवली होती. तोंडाला गाठ नव्हती. गाठ मारायला दोन हात लागतात.

परतीच्या वाटेत बदरोद्दीन अवघडून म्हणाला, "तात्या, शेळीचं माझ्या तोंडून निघालं. गलती झाली."

"न्हाई रं," भुजंगराव म्हणाले. मग मैलभर गेल्यावर म्हणाले, "आन् भाजी मीच केल्ती. कांताबाईनं न्हाई."

दिवेलागणीला ते घरी पोचले. ओट्यावर पोतं अंथरून पिशवी ओतली. त्यांनी सकाळी नेलेल्या वाटाण्याची आणि वालाची टरफलं होती, आज दुपारची, ओली. पण ही ना उसवलेली होती ना पिरगळलेली. एका बाजूनं दातांचे व्रण होते, दुसऱ्या बाजूनं फाटलेली. दातात शेंग धरून डाव्या हातानं ओढलेली. ते झोपले होते तेव्हा ती बसून हे करत होती. भुजंगरावांनी एकेक टरफल उचलून दिव्याजवळ नेलं, बोट घालून बघितलं. कितीतरी होती. एकातही दाणा राहिलेला नव्हता.

त्यांनी ती उकिरड्यावर नेली नाहीत. गोठ्यात शेळीचं दावं अजून खुंटीला होतं. तिच्या जागेवर त्यांनी पोतं ओढत नेलं, टरफलं पसरली आणि कुत्र्यामांजरांनी विस्कटू नयेत म्हणून वर टोपलं पालथं घातलं. पुढच्या बाजारी एखादी शेळी बघायची होती. तोवर वाळली तरी चालतील, शेळ्या वाळलेलंही खातात.